फाटकापर्यंत वळायचं नाही

हे लिहायला बसलो याचाच मला राग आहे. ज्या गोष्टींची जन्मभर टिंगल केली, त्यांच्याच सदरात आपलं लिखाण छापून यावं, ही काय शिक्षा! पण संपादक माझे जुने स्नेही, आणि आमच्या घरून त्यांच्या घरी हळदीकुंकवाचं जाणंयेणं. तिथं माझ्या बायकोनं सगळी हकीकत सांगून टाकली. आता मी लिहिलं नाही तर संपादक स्वतः लिहितील, आणि त्यात अमावास्या, घुबड, पांढरं लुगडं असं काय काय भरतील याचा नेम नाही. म्हणून मीच लिहितो. अमावास्या नव्हती. रात्रसुद्धा नव्हती. टळटळीत दुपार होती, पोटात भाकरी होती आणि मी पुरता शुद्धीवर होतो.

मी सोलापुरात एका हायस्कूलवर इंग्रजी आणि इतिहास शिकवतो. नास्तिक म्हणाल तर तसा नाही. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराला हात जोडतो. पण अंगात येणं, करणी, भानामती, झपाटणं — यातलं काही कुणी सांगायला लागलं की मला सरळ घड्याळ बघावंसं वाटतं. एवढंच नव्हे, या असल्या गोष्टी कशा तयार होतात हाच माझा अभ्यासाचा विषय. गावातल्या वाचनालयात मी 'देशोदेशींच्या दंतकथा' म्हणून लेक्चरं देत असे. त्यातलं एक लोकांना फार आवडायचं — मागे वळून न पाहण्याच्या कथांवरचं.

थोडक्यात सांगतो, कारण पुढं समजायला ते लागेल. ग्रीक लोकांत एका गवयाची गोष्ट आहे. त्याची बायको साप चावून मेली, तो तिला आणायला पाताळात गेला. देवानं अट घातली : तू पुढं चाल, ती मागून येईल, उजेडात पोचेपर्यंत वळून बघायचं नाही. हा वळला, आणि ती गेली. यहुदी लोकांच्या जुन्या ग्रंथात एका बाईनं जळणाऱ्या नगराकडं वळून पाहिलं आणि तिचा मिठाचा खांब झाला. जपानी लोकांच्या देवानं पाताळात आपल्या मेलेल्या बायकोकडं बघू नको म्हटलेलं असताना बघितलं, आणि जीव घेऊन पळत सुटला. एकदा लेक्चर संपल्यावर आमचे फारशीचे मास्तर कादरसाहेब जवळ येऊन म्हणाले, "मास्टरसाब, हमारे यहाँ बी है ना. बोलता पंछी लाने को पहाड चढते, पिच्छे से आवाजां आते, गाली देते, पुकारते... मुडके देखा की काला पत्थर!" मी तीही कथा पुढच्या लेक्चरात घातली.

आणि शेवटी आपली, घरची. होटगीच्या पलीकडं माळावर एक काळा दगड आहे, त्याला 'थांबलेली आई' म्हणतात. डोंगरावरची देवी म्हाताऱ्या भक्ताला म्हणाली, तुला आता चढवत नाही, मीच तुझ्या गावी येते. तू पुढं चाल, वळू नको. तो तिच्या जोडव्यांचा आवाज ऐकत चालला. नाल्याच्या वाळूत आवाज बंद झाला. म्हाताऱ्यानं वळून बघितलं आणि आई तिथंच थांबली.

मी लोकांना समजावून सांगायचो की बघा, समुद्र वेगळे, भाषा वेगळ्या, पण गोष्ट एकच. याचा अर्थ ती कुठं घडलेली नाही, माणसाच्या डोक्यात ती आपोआप उगवते. लोक माना डोलवायचे आणि मग कुणीतरी पेन्शनर उठून विचारायचा, "ते सगळं खरं मास्तर, पण त्या जागेला कधी आणि कसं जायचं?" कपाळ!

ही शेवटची गोष्ट मला सांगितली होती माझ्या बायकोनं. गिरिजाचं माहेर त्या माळाच्या पलीकडचं. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथं नांदताहेत. आईवडील लहानपणी गेले, शिवलिंगमामांनी तिला वाढवलं. गिरिजा बोलकी. नुसती बोलकी नव्हे, बोलण्यात हार न जाणारी. माझी लेक्चरं तिला पाठ असायची आणि त्यातल्या चुकाही. "त्या गवयाच्या बायकोला कुणी इचारलं का," ती भाकरी थापताना म्हणायची, "तिला परत यायचं हुतं का न्हाय?" मी म्हणायचो, मूळ कथेत तसा उल्लेख नाही. "मग तुमी घाला की!"

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती दसऱ्याआधी मामांकडं गेली. दिवाळीच्या सुमारास निरोप आला : मुलगा झाला, पण मेलेलाच जन्मला. मी पोचलो तेव्हा त्याला शेताच्या कडेला पुरूनही झालं होतं. गिरिजा भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी बोललो, ती बोलली नाही. मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल.

ते ओसरलं नाही. मी रजा मिळेल तसा जाऊन यायचो. ती उठायला लागली, दिलं तर खायची, मामी केस विंचरायच्या तर विंचरून घ्यायची. पण तोंडातून शब्द नाही. माझ्याकडं बघायची ती एखाद्या दाराकडं बघावं तशी. सोलापूरच्या डॉक्टरांनी शक्तीचं औषध दिलं, वैद्यांनी काढा दिला. रोज ज्या बाईच्या बोलण्यानं मी वैतागायचो, तिच्या गप्प बसण्यानं मी रडकुंडीला आलो. रिकाम्या खोलीत गिरणीचा भोंगा ऐकत मी एकटाच चहा करायचो आणि भांडायला कुणी नाही म्हणून तो चहा गोड लागायचा नाही.

संक्रांतीनंतर ठरवलं, आता हिला सोलापूरला आणायचं. गेलो. मामांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "न्हेवा की जावईबापू. तुमची बायकू हाय. पर सरळ न्हाय न्हेता यायची."

"म्हणजे?"

"तिचं मन थांबलेलीपाशी अडकलंय. लई बायकांचं अडकतं. दगडापासनं फाटकापत्तुर तुमी पुढं चालायचं, तिनं मागनं. वळायचं न्हाय. मग येती."

मी हात जोडले. "मामा, या गोष्टीवर मी सोलापुरात लेक्चर देतो."

"मग तर तुमाला ठावंच हाय की!"

मी दुसऱ्या बाजूनं गेलो. म्हटलं, फाटक रेल्वेनं बांधलं, विजापूरची लाईन पडली तेव्हा. देवी तर त्याच्या कितीतरी आधीची. मग तिनं फाटकाची अट कधी घातली?

मामा जराही डगमगले नाहीत. "पयलं शिवंपत्तुर चालायचं हुतं. आता शिवंवरच फाटक झालं. आईचं काय, फाटक तर फाटक."

माझा संताप संताप झाला. पण मामी डोळे पुसत उभ्या, आणि मामा हट्टाचे. त्यांनी गाडीच जुंपली नसती तर मी काय गिरिजाला पाठीवर घेऊन होटगी स्टेशन गाठणार होतो? दुपारची पॅसेंजर पकडायची होती. मी म्हटलं, ठीक आहे. चालतो पुढं. मनात मात्र ठरवलं की नाला ओलांडला की खुशाल वळून बघायचं. पुढच्या लेक्चरात छातीवर हात ठेवून सांगता येईल, मी स्वतः वळून बघितलं, बायको जागच्या जागी आहे, दगडबिगड काही झाली नाही.

जेवून निघालो. गाडी सावकाश आली दगडापर्यंत. बाभळींच्या विरळ सावलीत कमरेएवढा काळा दगड, शेंदूर माखलेला, पुढं फुटक्या बांगड्यांचा ढीग. गिरिजाला मामींनी हाताला धरून उतरवलं. मग ओटीचं सामान काढलं. पुटपुटणं कानडीत चाललं होतं. माझं कानडी पाणी मागण्यापुरतं. मी स्टेशनच्या दिशेनं बघत उभा.

मामा जवळ आले. "तुमी निगा. ती मागनं येईल. गाडी आमी खालच्या रस्त्यानं आणतो."

"तिला चालवेल ना?"

"चालवंल. निगा तुमी. आन्‌ कायबी झालं तरी..."

"वळायचं नाही. समजलं." मी फटकन बोललो आणि निघालो.

वाट तुम्हाला नीट सांगतो, कारण नंतर माझ्या मित्रांनी वाटेवरूनच फार वाद घातले. दगडापासून उतार लागतो तो नाल्यापर्यंत. नाल्यात वाळू, पाणी नाही. पलीकडं चढून गेलं की दोन्ही बाजूंना ज्वारी, कणसं भरलेली, माणसापेक्षा उंच. मधून एकच पायवाट. ती हळूहळू चढत एका उंचवट्यावर जाते, आणि तिथून खाली फाटक, रूळ आणि लांबवर होटगीचा सिग्नल दिसतो. आडवाट नाही. शेतातून कुणी आलं तर ज्वारी खळखळल्याशिवाय राहत नाही.

नाल्यात उतरलो तेव्हा मागून जोडव्यांचा आवाज आला. दगडगोट्यांवर वाजतो तसा, किणकिण. मी मनात म्हटलं, आली. वाळूत तो आवाज बंद झाला, आणि मला हसूच आलं. अगदी कथेबरहुकूम! वाळूत जोडवी वाजत नाहीत हे एवढं साधं आहे. मी नाला चढून वर आलो, आता वळावं म्हणून पाय थांबवला, तोच आवाज पुन्हा सुरू झाला, आणि मागून कुणीतरी म्हणालं,

"अहो, जरा सावकाश की."

गिरिजाचा आवाज. दसऱ्यानंतर पहिल्यांदा.

इथं वाचक म्हणतील, मास्तर घाबरले. नाही. मी घाबरलो तो वेगळ्याच गोष्टीला. खिडकीत चिमणी येऊन बसली की आपण मान हलवत नाही, तसं झालं. इतक्या महिन्यांनी ती बोलली होती. मी वळलो, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि ती पुन्हा गप्प झाली तर? देवी गेली खड्ड्यात. माझ्या बायकोचा आवाज मला जाऊ द्यायचा नव्हता. मी पावलं बारीक केली आणि समोर बघत म्हणालो, "बरं. सावकाश चालतो."

थोडं अंतर तसंच गेलं. मग, "आई गं!"

"काय झालं?"

"काटा. बाभळीचा हाय. लई खोल गेला. थांबा, काढा तेवढा."

आता काय करावं? मी म्हटलं, "फाटकापर्यंत चल, मग काढतो."

"तुमचं फाटक!" ती म्हणाली. इतकं तिरसटून म्हणाली, की मला आमची सोलापूरची खोली, तिथला स्टो, तिच्या बांगड्या असं सगळं एकदम आठवलं. चालणं बदललं होतं. एक पाऊल पूर्ण पडत होतं, दुसरं नुसतं टेकत होतं. मला तिची दया येत होती आणि मी आतून हसत होतो, दोन्ही एकदम. हे कसं लिहावं कळत नाही. गप्प बायकोला परत आणायला निघालो होतो आणि भांडणारी बायको मागून येत होती.

ज्वारीच्या मधोमध आल्यावर ती म्हणाली, "एक सांगू?"

"सांग."

"त्यानं डोळं उघडलं हुतं."

"कुणी?"

"कुणी म्हंजे? आपल्या पोरानं."

माझे पाय चालत राहिले.

"माझ्याकडं बगितलं एकदा. मग मिटलं. मी समद्यास्नी सांगितलं, तर बाया म्हणाल्या, तुला भास झाला, मेलेलंच हुतं. परत परत सांगितलं. परत परत तेच. कुणी ऐकायचंच न्हाय, तर बोलायचं कशाला?"

मी म्हणालो, "मी ऐकतोय."

"ऐकताय. पर बगत न्हाय."

या वाक्यानं माझी मान खरोखर वळायला लागली. उजवा खांदा फिरला होता. कसं थांबलो सांगता येत नाही. उपरण्याचं टोक हातात पिळत तेवढं चार ढांगांचं अंतर कापलं आणि उंचवट्यावर आलो.

खाली फाटक होतं. फाटकाच्या पलीकडं, लिंबाच्या सावलीत, मामांची बैलगाडी उभी होती. बैल सोडलेले. मामा चाकाला टेकून बिडी ओढत होते. आणि गाडीत, गाठोड्याला पाठ लावून, हिरवं लुगडं नेसलेली गिरिजा बसली होती.

माझ्या मागं, पाच-सहा हातांवर, एक पाऊल पूर्ण पडत होतं आणि एक नुसतं टेकत होतं.

मी काय केलं? लोक मला हे विचारतात आणि मला त्यांचा राग येतो. काय करणार? चाललो. गाडीतल्या गिरिजावर डोळे लावून चाललो. मागची पावलं येत राहिली. ती बोलली नाही, पण दमलेल्या माणसाचा श्वास मला ऐकू येत होता. रुळांपाशी आलो. मी रूळ ओलांडले. मागचा आवाज रुळांच्या अलीकडं बंद झाला. फाटकाच्या पलीकडच्या खांबाला हात लावून मग मी वळलो.

पायवाट रिकामी होती. ज्वारी हललेली नव्हती.

"आलात?" मामा उठले. "वळला न्हाय न्हवं?"

"ही इथं कशी?" मी जवळजवळ ओरडलोच.

मामांचं म्हणणं असं : मी निघालो, आणि गिरिजा दगडापाशीच बसली ती उठेना. पाय टाकेना. मामीनं आणि त्यांनी उचलून तिला गाडीत घातलं. नाल्याची वाळू गाडीला चालत नाही, म्हणून ते खालच्या गाडीरस्त्यानं, बैल पळवत, वळसा घालून आले. मामी तिथूनच घरी गेल्या.

"मग मला हाक मारून सांगायचं नाही?"

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी वर्गातल्या ढ पोराकडं बघतो. "हाक मारली असती तर तुमी वळला असता की!"

आता सांगा, या माणसापुढं डोकं कुठं आपटावं?

मी गाडीपाशी गेलो. गिरिजा माझ्याकडं बघत होती. दाराकडं बघतात तसं नव्हे, माझ्याकडं. तिनं लुगड्याखालून डावा पाय काढला, गाडीच्या कडेवर ठेवला आणि म्हणाली,

"आलं फाटक. आता काढा काटा."

मामांच्या हातची बिडी खाली पडली.

टाचेत बाभळीचा काटा होता, आत मोडलेला. तिच्याच पदराची पिन घेऊन मी तो काढला. ती दोनदा कळवळली आणि दोनदा मला बोलली. मामा एकीकडं "बोलली गं माजी बाय, बोलली" म्हणत डोळे पुसत होते आणि दुसरीकडं शपथा घेत होते, की दगडापासून हितपत्तुर पोरीचा पाय जमिनीला लागलेला न्हाय.

काटा काढून झाल्यावर मी उभा राहिलो. म्हटलं, "मामा, बाळानं डोळे उघडले होते का?"

मामा पार उतरून गेले. त्यांनी तोंड बैलांकडं वळवलं. मग म्हणाले, "तुमाला कोन बोललं?"

"उघडले होते का?"

"सुईण म्हणली, जीव हुता. डोळं उघडलं, दोन श्वास घेतलं आन्‌ संपलं." त्यांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. "आमीच म्हणलं, मेलेलंच झालं असं सांगा. जितं पोर गेलं म्हणलं तर तिचा जीव तुटंल. मेलेलंच झालं म्हंजे वाईच कमी तुटंल... आमी चांगल्यासाटीच..."

"मी सांगत हुते," गिरिजा म्हणाली. "मी सांगत हुते की मामा."

मामा खाली बसले. गिरिजा गाडीतून उतरली, लंगडत त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडली नाही. रडले ते मामा. मी रुळांकडं बघत उभा होतो आणि मला कळत नव्हतं कुणावर चिडावं.

पॅसेंजर मिळाली. होटगीला गाडी हलली आणि गिरिजा जी रडायला लागली ती सोलापूर येईपर्यंत. डब्यातल्या अनोळखी बायका तिला पोटाशी धरून बसल्या. ती त्यांना सांगत होती, त्याचे डोळे कसे होते, कपाळ कसं होतं, आणि त्या "व्हय बाई, व्हय" म्हणत होत्या. घरी आल्यावर आम्ही त्याला नाव ठेवलं. ते फक्त आमच्या दोघांपुरतं आहे.

आता स्पष्टीकरणं. कृपा करून पत्रं पाठवू नका, बहुतेक सगळी मला मिळालेली आहेत. आमचे गणिताचे मास्तर म्हणतात, उन्हाचा भास. माघ महिन्यात? ते म्हणतात, घरातल्या बायकांची कुजबूज तुमच्या कानावर पडली असेल, मनानं ती नकळत जोडली. कुजबूज कानडीत होती, पण बरं, मानतो. काटा आधीच, दगडापाशी उतरताना लागला असेल. तेही मानतो, मी तिथं तिच्या पायाकडं बघत नव्हतो. पण 'फाटकापर्यंत चल, मग काढतो' हे मी ज्वारीत, एकटा असताना बोललो. मामा तेव्हा खालच्या रस्त्यानं चालले होते. ते गिरिजाला गाडीत बसून कसं ऐकू आलं? यावर गणिताचे मास्तर म्हणतात, "योगायोग." यांच्याकडं मुलं प्रमेय सोडवायला शिकतात! कादरसाहेबांनी एवढंच म्हटलं, "अल्ला जाने मास्टरसाब," आणि विषय बदलला. सगळ्यांत कमी त्रास त्यांनी दिला.

बरं, गिरिजाला विचारावं तर ती मामांच्या वरताण. तिच्या मते यात विचारण्यासारखं काही नाहीच. "गाडीत बसले हुते ते आठवतं. तुमच्या मागनं चालत हुते तेबी आठवतं. काटा टोचला ते तर लईच आठवतं." दोन्ही एकदम कसं शक्य आहे, असं मी म्हटलं की ती म्हणते, "मला काय ठावं? मास्तर तुमी!" आणि तिची एक तक्रार कायमची आहे. आता पोटी मुलगी आहे, चालायला लागली आहे, तरी ती तक्रार संपत नाही. भांडण कशावरूनही सुरू होवो, कोळशावरून, धोब्यावरून, शेवट ठरलेला : "एवढं बोलले, पायात काटा घेऊन आले, पर एकदा वळून बगितलं न्हाय तुमी!" मी म्हणतो, अगं, वळलो असतो तर... "तर काय?" ती म्हणते.

हा लेख लिहायचं ठरल्यावर मी तिला समोर बसवलं आणि सरळ विचारलं. म्हटलं, भांडू नको, नीट सांग. त्या दिवशी मी ज्वारीत वळलो असतो तर मला मागं काय दिसलं असतं?

ती शेंगा फोडत होती. विचार करून म्हणाली, "ते मी कसं सांगू? मला तर तुमची पाठ दिसत हुती." आणि मग हसायला लागली. "तुमच्या कोटावर, मानंच्या खाली, एक नाकतोडा बसला हुता. हिरवा. सारी वाट तसाच बसून हुता. फाटक आलं तवा उडाला."

त्या नाकतोड्याचं मला काहीएक माहीत नव्हतं.